फुलायची वेळ १० ते २

तुमच्या ऑफिसच्या टेबलावर एखादं झाड आहे? प्लास्टिकचा बांबू धरायचा नाही हं, खरंखुरं झाड. असेल तर बहुतेक मनी प्लांटच असणार. मनी प्लांट म्हणजे एकदम शहाणं बाळ. ट्यूबलाइटच्या उजेडात जगतं, कुंडी नसली तर पाण्याच्या बाटलीत जगतं, कुणाकडे काही मागत नाही. माझा जीव मात्र जडला ऑफिस टाईमवर.

हो, तेच ते चिनी गुलाब. बारीक, गरगरीत पानं, आडव्या पसरणाऱ्या फांद्या आणि गुलाबी, केशरी, पिवळी, पांढरी भडक फुलं. हँगिंग कुंडीत लावलं की कडेवरून मस्त खाली लोंबतं. सकाळी नऊ-साडेनऊला उमलायचं, दुपारी मिटायचं, म्हणून नाव ऑफिस टाईम. एक फूल एकच दिवस टिकतं. केरळातही याच्या नावात दहा वाजलेले आहेत, तिथे ते ‘पत्तुमणी’. व्हिएतनाममध्येसुद्धा हे ‘दहा वाजताचं फूल’च. मूळ गाव मात्र दक्षिण अमेरिका. आणि आपल्या वैदर्भीय मंडळींना नातं सांगायचं तर उन्हाळ्यात आपण ज्या चिवळीच्या भाजीवर तुटून पडतो ती चिवळ आणि घोळ, ही दोन्ही याची चुलत भावंडं.

तर डिसेंबरात मी एक रोप घेतलं आणि थेट मिहानमधल्या आमच्या ऑफिसात नेलं. तिसरा मजला, काचेची भिंत, भरपूर उजेड. नावच ऑफिस टाईम, मग याच्याइतकं सूट होणारं झाड दुसरं कुठलं? तीन आठवड्यांत त्याचा पार दोरा झाला. फांद्या लांब, फिकट, पानं विरळ, कळी एकही नाही. नर्सरीवाल्या काकांना मोबाइलवर फोटो दाखवला तर ते हसायलाच लागले. ‘‘एसीत काहून ठेवलं बाप्पा? ऊन खाऊ द्या नं त्याले!’’

त्यांचं बरोबरच होतं. आपल्या डोळ्यांना जो लख्ख उजेड वाटतो, तो या झाडाला संध्याकाळ वाटत असावा. काळसर फिल्म लावलेल्या काचेतून थेट ऊन येतंच किती! याला रोज निदान सहा तास अंगावर ऊन हवं. मग खापरीहून मेट्रोत मांडीवर कुंडी घेऊन ऑफिस टाईमला ऑफिसातून घरी आणलं आणि मनीष नगरच्या फ्लॅटमध्ये दक्षिणेच्या खिडकीला, ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला टांगलं. दोरा झालेल्या फांद्या निम्म्यावर छाटल्या.

पंधरा-वीस दिवसांत झाड दाट झालं. पण फुलं? मी साडेआठला निघते, परतायला साडेसात. घरी येऊन बघावं तर वळलेल्या, मिटलेल्या, चिकट पुड्या. शनिवार-रविवार विचारूच नका. बारापर्यंत झोप आणि मग पडदा न सरकवताच बाहेर. मला वाटायचं, कळ्या उमलण्याआधीच वाळताहेत. खत कमी पडतंय का, पाणी जास्त होतंय का, असं रोज रात्री टॉर्च मारून बघायचे!

फेब्रुवारीत आई उमरेडहून आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथेच करायचं होतं, नंतर तीन आठवडे मुक्काम. खरं सांगू? मला टेन्शन आलं होतं. दिवसभर एकटी काय करेल ही? टीव्ही बघायचा नाही, वाकायचं नाही, ओट्याशी उभं राहायचं नाही. आणि आमचं बोलणंही तसं फोनवरचंच. ‘जेवलीस?’ ‘हो.’ ‘काय?’ ‘डबा.’ संपलं. ती आल्यावरही रात्री तेवढंच व्हायचं, फक्त समोरासमोर.

डोळ्याची पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेदहाला तिचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते, कट केला. परत आला. पोटात गोळाच आला. बाहेर धावले.

‘‘अगं, तुझ्या खिडकीत नऊ फुलं उमललीत.’’

‘‘आई, मी मीटिंगमध्ये आहे.’’

‘‘बरं, जा. पण मला सांग, तो गुलाबी खरंच इतका गुलाबी आहे, का मलाच नव्या डोळ्यानं तसा दिसतोय?’’

मला सांगताच येईना. मी ते फूल पाहिलेलंच नव्हतं. आठ महिने त्या फ्लॅटचं भाडं भरतेय, आणि सकाळी साडेदहाला माझ्या खिडकीत काय असतं हे मला माहीत नव्हतं. मीटिंगमध्ये परत गेले, पण बॉस काय बोलला ते आजही आठवत नाही.

त्यानंतर रोज साडेदहाला फोन. ‘आज सात.’ ‘आज ढग आहेत, अर्धवटच उघडली.’ (हो, आभाळ आलं की हे झाड नीट उमलत नाही.) आकड्यांच्या मागून हळूहळू बाकीचंही येऊ लागलं. डोळा कधीपासून दुखत होता आणि तिनं वर्षभर सांगितलं का नाही, हेसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात मी हाफ डे टाकला आणि ती खुर्ची खिडकीशी ओढून बसते तिथेच तिच्या शेजारी बसले. गुलाबी खरंच तेवढाच गुलाबी होता.

आता तुम्हाला लावायचं असेल तर दिशेचं गणित आधी करा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा दक्षिणेची खिडकी बेस्ट. पण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत नागपुरात सूर्य भर दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेकडूनच जातो. दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा ऊन जवळजवळ येतच नाही. त्या दिवसांत कुंडी पूर्वेला हलवा. पश्चिमेला नको, मेमधल्या दुपारी प्लास्टिकची कुंडी तापून मुळं शिजतात. ३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण त्या दिवशी आम्हा नागपूरकरांना फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं!

आणि खिडकी एकच असेल तर एप्रिलमध्ये तिथे कूलर बसणार, हे गृहीत धरा. आमच्याकडे कुंडी गच्चीच्या जिन्यात गेली. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र झाडाला घालू नका. त्यात क्षार साठलेले असतात.

मातीचं म्हणाल तर आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि याला तेच सोसत नाही. निम्मी माती, निम्मी कन्हानची वाळू, मूठभर शेणखत, बस्स. कुंडीला भोकं हवीतच. बोट खुपसून बघा, वरची माती कोरडी लागली तरच पाणी. हे झाड पाणी पानांत साठवतं, त्यामुळे विसरलात तर माफ करतं. लाड केलेत तर कुजतं. पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्या. फांदीच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसून काढा. रोपं विकत घेत बसू नका. बोटभर काडी खोचली की लागते.

आई जाताना अशाच सहा काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेली. तिनं त्या तेलाच्या जुन्या डब्यात लावल्या, अंगणात, दिवसभर उन्हात. आता साडेदहाचा फोन मी करते, पॅन्ट्रीत उभी राहून. परवा तिचा आकडा एकेचाळीस होता. माझ्याकडे शनिवारी अकरा. तिच्याकडे शेजारच्या काकूंनी दिलेलं एक पिवळंही आलंय, ते माझ्याकडे नाही. दिवाळीला जाईन तेव्हा चार काड्या आणणार आहे.