खुर्ची मिळाली, चालणे हरवले

गेल्या वर्षी वार्षिक तपासणीचा अहवाल हाती आला, तेव्हा तो दुसऱ्या कोणाचा असावा असेच मला वाटले. वय छत्तीस, वजन प्रमाणात, व्यसन कोणतेही नाही. तरीही दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी ५.९ टक्के. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाची पूर्वावस्था. नागपूरला बाबांना फोन केला. ते स्वतः वीस वर्षांपासून मधुमेही आहेत. क्षणभर थांबून ते म्हणाले, “आपल्या घराण्यातच आहे ते.”

अहवालापेक्षा हे वाक्य मला अधिक खटकले. जन्माने वाट्याला आले ते निमूटपणे भोगावे, हा विचार आपल्या घरांनी केव्हाच नाकारला आहे. मग रक्ताच्या बाबतीत तो का स्वीकारावा?

वारसा खोटा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचीही मापे घेतली. इंग्लंडच्या बाळांचे सरासरी वजन साडेतीन किलो, आपल्या बाळांचे २.७ किलो, तरी वजनाच्या मानाने त्यांच्यात चरबी अधिक आणि स्नायू कमी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुपोषणाची ही खूण असावी, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. म्हणूनच आपल्यासारख्या आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहासाठी तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच करावी, अशी शिफारस अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ मध्ये केली.

स्नायू कमी असणे इतके महत्त्वाचे का? जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. त्यांच्या पेशींत ‘ग्लुट-४’ नावाचे वाहक प्रथिन असते. एरवी ते पेशीच्या आत साठवलेले असते. इन्सुलिनचा निरोप आला की ते पृष्ठभागावर येते आणि ग्लुकोजला आत घेते. मधुमेहाच्या वाटेवर हा निरोप क्षीण होतो. इन्सुलिन असते, पण पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही.

व्यायामाचे खरे मोल इथे कळते. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीत कॅल्शियम मोकळे होते. एटीपी हे इंधन खर्ची पडते, एएमपी वाढते आणि त्यामुळे ‘एएमपीके’ हे विकर जागे होते. या संकेतांनी ग्लुट-४ इन्सुलिनच्या निरोपाशिवायच पृष्ठभागावर येते. टाइप २ मधुमेह झालेल्यांच्या स्नायूंतही ही दुसरी वाट बहुतांशी शाबूत असते. शिवाय व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. सराव काही आठवडे टिकला, तर ‘पीजीसी-१ अल्फा’ हे प्रथिन जनुकांना चालना देते आणि पेशीतील ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढू लागतात. जनुके तीच राहतात. त्यांच्याकडून काय काम करून घ्यायचे, हे मात्र काही अंशी आपल्या हाती येते.

हा परिणाम केवळ स्नायूंपुरता नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अर्थसाहाय्याने चाललेल्या ‘मोट्रपॅक’ प्रकल्पात उंदरांना आठ आठवडे धावपट्टीवर पळवण्यात आले. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तपासलेल्या १९ही अवयवांत व ऊतींत हजारो रेणूंचे प्रमाण बदललेले आढळले.

तरीही आपल्या घरांत व्यायामाला प्रतिष्ठा नाही, आणि त्यामागे एक इतिहास आहे. माझ्या आजीने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात निंदण-खुरपण केले. ते श्रम तिने निवडले नव्हते, ते तिच्यावर लादलेले होते. बाबा कारकून झाले, मी इथे संगणकापुढे बसलो. “माझ्या मुलाला उन्हात राबावे लागत नाही,” हे बाबांचे वाक्य म्हणजे आमच्या घराची पदवीच. ही खुर्ची शिक्षणाने मिळवली आहे आणि ती सोडायची नाही. मात्र आजीच्या राबण्यातला अन्याय नाकारताना शरीराची हालचालही आपण नाकारून बसलो. बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासले होते, हे आपण जाणतोच. स्वतःसाठी स्वेच्छेने गाळलेला घाम हा वेठीचा घाम नव्हे.

आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंवर भार देणारा व्यायाम, एवढीच सर्वसाधारण शिफारस आहे. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटेही साखर उतरवतात. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. साखर फार खाली जाण्याचा धोका असतो.

हर्नडनच्या मध्यातून ‘वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन’ ही सुमारे ७२ किलोमीटरची पायवाट जाते. १९६८ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर ती उभी आहे, आणि जुने स्थानक अजूनही वाटेवर दिसते. उन्हाळ्यात रात्री आठला, जेवण आटोपून, मी तिथे चालायला निघतो. तेव्हा नागपुरात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. मी बाबांना फोन लावतो. आता तेही चालत असतात. बोलताना त्यांना लागलेला दम मला ऐकू येतो. नव्या तपासणीत माझा आकडा ५.६ आला, तेव्हा ते म्हणाले, “घराण्यात हेही आहे म्हणायचे.”