हृदय थांबते तेव्हा मोबाइलवरून जवळच्यांना साद. ही यंत्रणा कशी चालते?

हृदयक्रिया अचानक बंद पडली की रुग्ण काही सेकंदांत बेशुद्ध होतो. छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवले नाही, तर सरत्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. मोठ्या शहरातील रुग्णवाहिकाही अनेकदा इतक्या वेळात पोहोचू शकत नाही. मात्र, सीपीआरचे प्रशिक्षण घेतलेली एखादी व्यक्ती त्याच वेळी शेजारच्या इमारतीत किंवा रस्त्यापलीकडच्या दुकानात असू शकते. तिला केवळ घटनेची खबर नसते. ही खबर मोबाइलवरून पोहोचवणारी यंत्रणा आता अनेक देशांत वापरात आहे.

हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या वेगळ्या अवस्था आहेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो आणि रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. हृदयक्रिया बंद पडल्यास मेंदूकडे जाणारे रक्तच थांबते. झटक्याचे पर्यवसान कधीकधी या दुसऱ्या अवस्थेत होते.

संदेश कसा पोहोचतो?

आपत्कालीन क्रमांकावर आलेल्या दूरध्वनीवरून हृदयक्रिया बंद पडल्याचा संशय आला, की नियंत्रण कक्ष रुग्णवाहिका रवाना करतो. त्याच वेळी संगणक नोंदणीकृत स्वयंसेवकांच्या मोबाइलचे ठिकाण तपासतो आणि जवळ असलेल्यांना घटनास्थळाचा पत्ता पाठवतो. सिंगापूरच्या नागरी संरक्षण दलाने २०१५ मध्ये सुरू केलेले ‘मायरिस्पॉन्डर’ हे ॲप साधारण ४०० मीटरच्या परिसरातील नागरिकांना असा इशारा देते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन रॅमॉन व्हॅली अग्निशमन विभागातून ‘पल्सपॉइंट’ या ॲपची सुरुवात झाली.

परिणाम किती?

या पद्धतीची काटेकोर परीक्षा स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे झाली. एप्रिल २०१२ ते डिसेंबर २०१३ या काळातील ६६७ घटनांचा त्यात समावेश होता. प्रत्येक घटनेत ५०० मीटरच्या आतील स्वयंसेवक शोधले गेले. परंतु चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे काही घटनांतच त्यांना संदेश धाडण्यात आला. संदेश धाडलेल्या घटनांपैकी ६२ टक्के रुग्णांना रुग्णवाहिका येण्यापूर्वी सीपीआर मिळाला. उर्वरित घटनांत हे प्रमाण ४८ टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. ३० दिवसांनंतर जिवंत असलेल्या रुग्णांच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस फरक आढळला नाही. मदत लवकर पोहोचते हे त्यातून सिद्ध झाले. प्राण किती वाचतात हे सिद्ध करण्यास तेवढ्या घटना पुरेशा नव्हत्या.

स्वयंसेवकांना हृदयाला विजेचा धक्का देणारे ‘एईडी’ उपकरण आणण्यास पाठवण्याचा प्रयोगही पुढे स्वीडनमध्ये झाला. रुग्णवाहिकेपूर्वी उपकरण जोडले जाण्याचे प्रमाण त्यामुळे लक्षणीयरीत्या वाढल्याचे दिसले नाही. उपकरण जवळ आणि त्या वेळी हाती येण्याजोगे असावे लागते.

आणखी एक पेच घराच्या दाराशी उभा राहतो. हृदयक्रिया बंद पडण्याच्या बहुतांश घटना घरातच घडतात. पण अनोळखी व्यक्तीला कोणाच्या घरी धाडावे का, हा प्रश्न नाजूक आहे. ‘पल्सपॉइंट’चा सर्वसामान्यांसाठीचा इशारा त्यामुळेच सार्वजनिक ठिकाणांपुरता ठेवण्यात आला.

भारतापुढील प्रश्न

भारतात ११२ हा सामाईक आपत्कालीन क्रमांक आहे आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांत १०८ रुग्णवाहिका सेवा चालते. असा संदेश जेथून निघू शकेल, ते नियंत्रण कक्ष त्यामुळे अस्तित्वात आहेत. कायद्याचे छत्र मात्र अपुरे आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते, पण ते वाहन अपघातातील जखमींच्या बाबतीतच. बाजारात कोसळलेल्या हृदयरुग्णाला मदत करणारा त्या कलमाच्या कक्षेत येत नाही.

प्रशिक्षणाला तर पर्यायच नाही. प्रौढाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब देणे हे कौशल्य सरावाने येते. मोबाइल मदतनीसाला रुग्णापर्यंत नेऊ शकतो. तेथे पोहोचल्यावर काय करायचे, हे त्याने आधीच शिकलेले असावे लागते.