रेशमाच्या पट्टीवर मोजलेला समुद्र

औंध संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. इंग्रजी अमदानीच्या शेवटच्या काळात कोल्हापूरच्या रेसिडेन्सीत मोडणारं हे छोटंसं संस्थान देशावरचं, कमी पावसाचं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी लोकांना माहीत आहेत ते सूर्यनमस्कारांमुळे आणि औंधच्या चित्रसंग्रहामुळे. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत पुढे भारताचे राजदूत झाले. आप्पासाहेबांच्या कन्येने मात्र समुद्राची वाट धरली, तीही एका पुस्तकापायी. अदिती पंत यांचा जन्म 1943 चा, नागपूरचा. पुण्यात बी.एस्सी. करत असताना सर ॲलिस्टर हार्डी यांचं ‘द ओपन सी’ त्यांच्या वाचनात आलं आणि पुढचा रस्ता ठरला. हवाईत एम.एस., लंडनमध्ये समुद्री शैवालांवर पीएच.डी. आणि मग गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. डिसेंबर 1983 मध्ये गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया.

पण या लेखाचा नायक हार्डी यांनी बनवलेलं एक यंत्र आहे.

1925 मध्ये ‘डिस्कव्हरी’ हे जहाज हार्डींना घेऊन दक्षिण महासागराकडे निघालं. त्याचा खर्च कुठून आला हे ऐकण्यासारखं आहे. दक्षिण जॉर्जिया बेटाच्या आसपास मारलेल्या देवमाशांच्या तेलावर ब्रिटिश सरकार कर घेत असे. त्याच पैशातून देवमाशांचा अभ्यास व्हायचा होता. शिकार अशीच चालू राहिली तर धंदाच बसेल, ही धास्ती त्यामागे होती. दयेचा भाग त्यात फारसा नव्हता. शास्त्रज्ञ बेटावरच्या कारखान्याच्या फरशीवर, रक्तात आणि चरबीत उभे राहून कापायला आणलेल्या देवमाशांची मापं घेत, पोटं तपासत. पोटात निघायचं ते क्रिल: कोळंबीसारखा दिसणारा, जेमतेम पाच-सहा सेंटीमीटरचा लालसर जीव. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी याच्यावर जगतो. देवमासा कुठे जाईल हे कळायचं, तर आधी क्रिल कुठे आहे, आणि क्रिल ज्यावर जगतं ती सूक्ष्म शैवालं कुठे आहेत, हे कळायला हवं होतं.

त्या काळी जहाज थांबवून जाळं सोडायचं आणि वर ओढायचं, अशी रीत होती. हार्डींना ती पटेना. प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे बारीक जीव, समुद्रात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, त्याचे पुंजके असतात. दोन थांब्यांच्या मध्ये केवढा तरी पुंजका निसटला तर पत्ताही लागणार नाही. म्हणून त्यांनी जहाज चालू असतानाच अखंड नमुना घेणारं यंत्र बनवलं: कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर.

यंत्र म्हणजे सुमारे मीटरभर लांबीची, माशाच्या घाटाची धातूची पेटी. तारेच्या दोराला बांधून ती जहाजामागे सोडतात. ती पृष्ठभागाखाली दहा मीटरच्या आतबाहेर तरंगत जाते. नाकाशी जेमतेम सव्वा सेंटीमीटरचं चौकोनी भोक आहे. त्यातून पाणी आत शिरतं आणि रेशमी जाळीच्या पट्टीतून गाळलं जातं. शेपटाकडे एक पंखा असतो. तो पाण्याच्याच जोरावर फिरतो आणि दातेरी चाकांमधून रेशमाची पट्टी हळूहळू पुढे सरकवतो. मोटर नाही, वीज नाही. जहाज जोरात गेलं की पंखा जोरात फिरतो, हळू गेलं की हळू. त्यामुळे अंतर आणि रेशीम यांचा हिशेब जमतो. प्लवक पट्टीवर अडकलं की वरून दुसरी रेशमी पट्टी येऊन बसते आणि दोन्ही मिळून फॉर्मॅलिनच्या टाकीत गुंडाळल्या जातात. प्रयोगशाळेत पट्टी उलगडून तिचे तुकडे पाडतात. उत्तर अटलांटिकात दहा सागरी मैलांचा एक नमुना धरतात, दक्षिण महासागरात पाच मैलांचा. आधी रेशमावर चढलेला हिरवेपणा पाहायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली माणसाने डोळ्यांनी एकेक जीव ओळखून मोजायचा.

1931 पासून हार्डींनी हे यंत्र इंग्लंडमधल्या हल बंदरातून व्यापारी जहाजांमागे बांधून पाठवायला सुरुवात केली. ते सर्वेक्षण आजही चालू आहे. दक्षिण महासागरातलं 1991 मध्ये सुरू झालं. या यंत्राबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्याच्या हट्टाबद्दल: आतली मांडणी आणि जाळीची वीण जवळजवळ तीच ठेवली आहे. नव्या काळात नवं काही आणायचा मोह किती झाला असेल! पण जाळी बदलली की जुने आकडे नव्यांशी जुळत नाहीत. शिवाय जुनी रेशमं जपून ठेवलेली असल्याने, हार्डींच्या स्वप्नातही नसलेले प्रश्न त्यांना विचारता येतात. 2004 मध्ये संशोधकांनी अशाच साठ्यातले 1960 च्या दशकापासूनचे नमुने पुन्हा तपासले आणि समुद्रातलं सूक्ष्म प्लास्टिक कसं वाढत गेलं ते दाखवलं.

यंत्राला मर्यादाही आहेत. पूर्ण वाढलेलं क्रिल चपळ असतं, भोकाला चुकवतं. त्याचे मोठे थवे मोजायला जहाजावरून ध्वनिलहरी सोडतात आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून वजनाचा अंदाज बांधतात. अटलांटिकच्या बाजूच्या दक्षिण महासागरात 2000 आणि 2019 मध्ये अनेक देशांच्या जहाजांनी मिळून अशी मोजणी केली. दोन्ही वेळा आकडा सहा कोटी टनांच्या थोडा वर आला.

मोजणीचं महत्त्व कोल्हापूरच्या ऊसकऱ्याला सांगायला नको. काटा खरा की खोटा आणि उतारा किती लागला, यावर त्याच्या वर्षाचे पैसे ठरतात, त्यावरून रस्ते अडतात. निदान त्याला आपला फड तरी दिसत असतो.

देवमाशांच्या बाबतीत मोजणी होती, पण मापच चुकीचं होतं. कारखानाच जहाजावर आला, जनावर थेट डेकवर ओढून घ्यायची सोय झाली आणि शिकाऱ्यांना बेटाची, पर्यायाने कराची आणि नियमांची गरज उरली नाही. 1930-31 च्या एका हंगामात सुमारे 29 हजार निळे देवमासे मारले गेले. पुढे मर्यादा घातली ती ‘निळ्या देवमाशाच्या एककात’: एक निळा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई देवमासे. हे माप तेलाचं होतं, जनावरांचं नव्हे. साहजिकच प्रत्येक जण आधी निळ्याच्या मागे लागला. 1966 मध्ये त्याला पूर्ण संरक्षण मिळालं तेव्हा दक्षिणेत फारच थोडे उरले होते. हे एकक रद्द व्हायला 1972 उजाडलं.

त्यानंतर सोव्हिएत जहाजं क्रिलकडेच वळली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला पाच लाख टनांवर क्रिल निघत होतं. या वेळी मात्र नियम थोडे आधी आले. 1980 मध्ये अंटार्क्टिक समुद्रातल्या जीवांच्या संरक्षणाचा करार झाला, 1982 पासून तो लागू झाला आणि त्याचा आयोग टास्मानियातल्या होबार्टमध्ये बसतो. करारातली मुख्य अट अशी, की पकडलेल्या जातीपुरतं पाहून भागणार नाही. तिच्यावर जगणाऱ्या पेंग्विन, सील, देवमाशांचाही हिशेब धरायचा. आज ही कल्पना सरसकट सांगितली जाते, पण मासेमारीच्या करारात तेव्हा ती नवी होती. म्हणून आयोग पेंग्विनांच्या वसाहतींवरही नजर ठेवतो.

भारत 1986 पासून आयोगाचा सदस्य आहे. 1995-96 मध्ये ‘सागर संपदा’ या जहाजाने क्रिलसाठी खास मोहीम केली. कोचीची सागरी सजीव संसाधन संस्था हे काम पाहते, आणि वास्कोच्या हेडलँड सडा इथलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र मोहिमा व तळ सांभाळतं. आयोगात निर्णय एकमतानेच होतात. एका सदस्याने नाही म्हटलं की ठराव अडतो. रॉस समुद्राचं राखीव क्षेत्र याच कारणाने वर्षानुवर्षं रखडलं आणि 2016 मध्ये एकदाचं मान्य झालं. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राच्या राखीव क्षेत्रांना भारताने 2021 मध्ये पाठिंबा दिला. ते प्रस्ताव अजून अडलेलेच आहेत.

खरा वाद सध्या जागेचा आहे. अटलांटिकच्या बाजूला वर्षाला 6 लाख 20 हजार टनांची मर्यादा आहे, म्हणजे मोजलेल्या साठ्याच्या सुमारे एक टक्का. ऐकायला नगण्य. पण जहाजं सगळीकडे समान पसरत नाहीत. दाट थवा दिसला की तिथेच घुटमळतात आणि पिल्लांना भरवणारे पेंग्विनही तिथेच येतात. म्हणून ही मर्यादा चार भागांत वाटून दिलेली होती. 2024 च्या अखेरीस त्या वाटणीची मुदत संपली आणि नव्या वाटणीवर एकमत झालं नाही. पुढच्याच हंगामात, ऑगस्ट 2025 मध्ये, पूर्ण मर्यादा पहिल्यांदाच गाठली गेली आणि मासेमारी मुदतीआधी बंद करावी लागली. एकूण आकडा पाळला गेला, हे खरं. पण एक टक्का कुठून उचलला, हे त्या आकड्यात दिसत नाही. वाटणी पुन्हा लागू करायची, तर सर्व सदस्यांचा होकार लागेल, आणि त्यात भारताचाही एक आहे.