माहिती चौकट : संहिता छापली, पुढे काय?

दाभोळ वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या एन्रॉन कंपनीने जुलै २००० मध्ये ६४ पानांची आचारसंहिता काढली आणि डिसेंबर २००१ मध्ये ती हिशेबातील घोटाळ्यांमुळे दिवाळखोरीत गेली. तत्त्वे कागदावर होती. उणीव होती ती ऐकून घेणाऱ्याची. उपाध्यक्षा शेरॉन वॉटकिन्स यांनी ऑगस्ट २००१ मध्ये अध्यक्षांना सावध करणारे पत्र दिले, ते आधी निनावीच. त्यानंतर काही दिवसांत कंपनीने वकिलांकडून सल्ला घेतला, तो त्यांना कामावरून काढण्याच्या कायदेशीर परिणामांविषयी! सहकाऱ्याची ही गत दिसली, की बाकीचे गप्प बसायला शिकतात. म्हणून संस्थेच्या नीतिमत्तेची खरी कसोटी तक्रार करणाऱ्याला मिळणाऱ्या वागणुकीत आहे.

भारताच्या कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १७७ ने हेच ओळखले. सूचिबद्ध कंपन्यांना दक्षता यंत्रणा सक्तीची झाली. तक्रारदाराला सूडापासून संरक्षण आणि योग्य प्रसंगी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे थेट जाण्याची वाटही मिळाली. यामुळे खोट्या तक्रारी वाढतील, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. पण वारंवार बिनबुडाच्या तक्रारी करणाऱ्यावर कारवाईची तरतूद नियमांत आहेच. चुकीची तक्रार चौकशीत उघडी पडते, दडपलेली खरी तक्रार मात्र संस्थेलाच बुडवते. संहिता हवीच, कारण बोट कशावर ठेवायचे हे तीच सांगते. ते ठेवणाऱ्याचा हात सुरक्षित राखणे हे नेतृत्वाचे काम आहे.