हाड बाहेर जातं आणि परत येतं

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात हाडांच्या गाठींवर होणाऱ्या एका शस्त्रक्रियेत सर्जनांना मधेच थांबून राहावं लागतं. पेशंट भुलीखाली टेबलावर असतो, पाय उघडा असतो आणि मांडीच्या हाडाचा वीतभर तुकडा पायात नसतोच. तो रेडिओथेरपी विभागात गेलेला असतो. एमआरआय बघून गाठीच्या वर-खाली सुरक्षित अंतर ठेवून हाड कापायचं, त्याला चिकटलेलं मांस आणि गाठीचा मऊ भाग खरवडून तपासणीला पाठवायचा, उरलेलं हाड एकात एक अशा निर्जंतुक पिशव्यांत बंद करून किरणयंत्राखाली ठेवायचं. मात्रा ५० ग्रे, तीही एकाच बैठकीत. एरवी पेशंटला रोज साधारण २ ग्रेच्या हिशेबाने आठवडेच्या आठवडे किरणं देतात. एका दमात ५० ग्रे पाय सोसणार नाही. पण त्या घटकेला हे हाड पायाचं नसतंच. त्यातल्या कर्कपेशी मरतात, चांगल्याही मरतात. मग ते थिएटरात परत येतं आणि प्लेट-स्क्रूंनी आपल्याच जागी बसवलं जातं.

या उपायातली काटकसर मला फार आवडते. हाड मापाला तंतोतंत, कारण ते त्याच माणसाचं. हाडांची पेढी नको, परदेशी इम्प्लांट नको. जपानमध्ये कानाझावाच्या सर्जनांनी हेच काम किरणांऐवजी द्रवरूप नायट्रोजनने, म्हणजे उणे १९६ अंशांच्या थंडीने साधलं. मेलेलं हाड दोन्ही टोकांना जिवंत हाडाशी सांधायला महिनोन् महिने घेतं, तोवर कुबड्या सुटत नाहीत. आणि गाठीने हाड पोखरून टाकलं असेल तर परत बसवण्याजोगं काही उरतच नाही. हाडाच्या मधल्या दांड्यातल्या गाठींना, जिथे वरचा-खालचा सांधा वाचवता येतो, तिथे ही युक्ती खरी शोभते.

बऱ्याच गाठी मात्र गुडघ्याशीच होतात. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग प्रामुख्याने दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलींचा. उंची वाढवणारं हाड जिथे झपाट्याने वाढतं, त्या मांडीच्या खालच्या आणि नडगीच्या वरच्या टोकाला तो गाठतो. १९७० पूर्वी यावर एकच उत्तर होतं: पाय मांडीतून कापणं. तो कापूनही पाचांतला जेमतेम एक वाचायचा, कारण निदान होईपर्यंत रोगाचे कण फुफ्फुसात पोचलेले असत. मेथोट्रेक्सेट, अ‍ॅड्रियामायसिन ही औषधं आली आणि चित्र पालटलं. रोग एका जागी असताना हाती लागला, तर आज चांगल्या केंद्रांत पाचांतले तीनेक जण वाचतात.

आधी किमो, मग ऑपरेशन हा क्रम न्यूयॉर्कमध्ये रुळला, आणि त्यामागे एक सोय होती. मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये प्रत्येक पेशंटच्या मापाचा धातूचा सांधा बनवून घ्यायला दोन-तीन महिने लागत. तोवर रोग मोकळा कसा सोडायचा? डॉ. जेराल्ड रोझेन यांनी त्या काळात औषधं सुरू केली. गाठ आकसू लागली, आणि कापून काढलेल्या गाठीत किती पेशी मेल्या हे मोजून औषध लागू पडलं का तेही कळू लागलं. ९० टक्क्यांहून अधिक मेल्या असतील तर ती चांगली खूण. कारखान्यातल्या उशिरातून उपचाराची पद्धत निघाल्याची अशी उदाहरणं वैद्यकात थोडीच असतील.

पाय वाचवण्याच्या नादात जीव तर जात नाही ना, ही शंका रास्त होती. १९८६ मध्ये मांडीच्या खालच्या टोकाला ऑस्टिओसार्कोमा झालेल्या २२७ पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाय राखलेले आणि पाय कापलेले, दोघांचं जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. तेव्हापासून पाय काढणं हा अपवाद ठरत गेला.

पण पाय पुष्कळदा परळला यायच्या आधीच गेलेला असतो. पोराचा गुडघा दुखतो, रात्री जास्त. घरचे म्हणतात मुका मार असेल, वाढीचं दुखणं असेल. मालीश होते, लेप लागतो, हाडवैद्य ओढून बांधतो. त्यानंतरची चूक शिकलेल्यांची: घाईची बायोप्सी. सुई किंवा चाकू ज्या वाटेने आत जातो ती वाट दूषित होते, म्हणून मोठ्या ऑपरेशनात ती गाठीसकट काढावी लागते. उभ्या छेदाऐवजी आडवा छेद घेतला, किंवा नसा-शिरांजवळून वाट काढली, की राखण्यासारखा पाय गमावण्याची पाळी येते. अमेरिकेत १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये बायोप्सीतल्या चुकांची मोजदाद झाली. चौदा वर्षांत फारसा फरक पडला नव्हता. बायोप्सी त्याच सर्जनने करावी जो पुढे गाठ काढणार आहे, हा नियम साधा आहे. तो तालुक्याच्या गावापर्यंत पोचला तर परळच्या कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त पाय वाचतील.

सांध्यासकट हाड काढल्यावर तिथे मेगाप्रोस्थेसिस बसतो: वर-खाली हाडाच्या पोकळीत शिरणारे दांडे आणि मधे बिजागरीचा गुडघा. नडगीच्या बाजूला त्यावर मांसाचं पांघरूण अपुरं पडतं, म्हणून पोटरीचा स्नायू फिरवून पुढे आणतात. वाटीखालचा कंडराही त्यालाच शिवता येतो. परदेशी सांध्याची किंमत लाखांत, आणि त्यापायी कित्येकांचे पाय जात. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाच्या पाठबळावर टाटा मेमोरियल, आयआयटी मुंबई आणि हैदराबादची एक धातुतंत्र संस्था देशी सांध्यासाठी एकत्र आल्या त्या याच कारणाने. उपचार लांबतो, आणि तोवर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती हेच कित्येकांचं घर.

वाढत्या मुलाचा प्रश्न वेगळा. गुडघ्याशेजारी मांडीचं हाड वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं; ती वाढ गाठीबरोबर कापली जाते. लंडनजवळच्या स्टॅनमोरमध्ये चुंबकाने लांबणारा सांधा बनला. पाय बाहेरून फिरत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवला की आतली दातेरी चाकं हलतात आणि चारेक मिनिटांत दांडा मिलिमीटरभर सरकतो. सुंदर यंत्र, पण बहुतेकांना न परवडणारं.

दुसरा उपाय ऐकूनच पालक हादरतात. गुडघ्याचा भाग काढून खालचा पाय १८० अंशांत फिरवायचा आणि मांडीला जोडायचा. टाच पुढे येते, घोटा गुडघ्याचं काम करतो, पाऊल कृत्रिम पायात बसतं. १९२७ मध्ये बोर्ग्रेव्ह यांनी हा क्षयाच्या पेशंटवर केला, व्हान नेस यांनी १९५० मध्ये जन्मजात व्यंगासाठी. व्हिएन्नाच्या सर्जनांनी सत्तरच्या दशकात तो कर्करोगाला लावला. अशी मुलं पळतात, फुटबॉल खेळतात, आणि धातूचा सांधा झिजण्याची चिंता नसते. खेळकर दहा वर्षांच्या पोरासाठी हाच पाय बरा, असं माझं मत. घरचे बहुधा दिसायला नीट असलेला पाय मागतात, आणि मागू शकतात. फक्त त्या पायाने कबड्डी होणार नाही, उकिडवं बसता येणार नाही आणि पुढेमागे सांधा बदलावा लागेल, हे सही घेण्याआधी त्यांना सांगितलेलं असावं.