नागकथा, प्रतिष्ठानची

नागकथा, प्रतिष्ठानची : गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानाशी (पैठण, छत्रपती संभाजीनगर जिल्हा) निगडित असलेली, मर्त्य स्त्री व दिव्य नाग यांच्या प्रेमाची कथा. नाग हे देवांप्रमाणे अमर मानले जात नसले, तरी अद्‌भुतकथांत त्यांची गणना दिव्य योनींत होते. या कथेच्या एका रूपात कवी जन्मतो, दुसऱ्यात राजा.

सोमदेवाच्या कथासरित्सागरानुसार (अकरावे शतक) प्रतिष्ठान प्रदेशातील ब्राह्मणकन्या श्रुतार्था स्नानास गेली असता वासुकीचा पुतण्या कीर्तिसेन तिच्यावर अनुरक्त झाला व त्याने तिला गांधर्वविधीने वरले. आईवडील निवर्तलेले, घरात वत्स व गुल्मक हे भाऊच काय ते पुरुष. बहिणीला दिवस गेल्याचे दिसताच ते एकमेकांवर संशय घेऊ लागले. तेव्हा तिने स्मरण करताच कीर्तिसेन प्रकट झाला व त्याने साक्ष दिली. ही तिन्ही भावंडे शापभ्रष्ट असून पुत्रजन्माने मुक्त होतील, असेही सांगितले. तो पुत्र म्हणजे बृहत्कथेचा कर्ता गुणाढ्य. आई व मामा शापमुक्त झाले. मूल मात्र पोरके झाले.

जिनप्रभसूरींच्या विविधतीर्थकल्पात (चौदावे शतक) बहीण विधवा असून भावांसह कुंभाराच्या घरी आश्रयाला राहते. गोदावरीच्या डोहातील शेषनाग मनुष्यरूपाने तिच्याशी रत होतो. भाऊ एकमेकांचा संशय घेऊन परदेशी निघून जातात. ती एकटीच मुलाला वाढवते. तो मातीचे हत्ती-घोडे करून सवंगड्यांना वाटतो. हाच पुढे सातवाहन राजा होतो. उज्जयिनीचा विक्रम चालून आला असता नागाकडून मिळालेल्या अमृताने मातीचे सैन्य सजीव होते, ही हकीकत शालिवाहनाच्या नावे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

पुरूरवा-उर्वशीच्या आख्यानात मागे राहून विलाप करणारा पुरुष आहे. येथे मागे राहते ती स्त्री, आणि तिला विलापापेक्षा जबाब देणे भाग पडते. सोमदेवाने शापाची योजना करून सर्वांनाच मुळात दिव्य ठरविले, त्यामुळे प्रसंगाची धार बोथट झाली. जैन कथेतील कुंभारवाड्यातली विधवा अधिक खरी वाटते.

या कथांवरून इतिहास काढणे मात्र धोक्याचे. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही सातवाहन राजांची मातृनामे शिलालेखांत आहेत. नागपित्याशी त्यांचा संबंध जोडण्यास आधार नाही. इ. स. ७८ मध्ये सुरू झालेल्या शकाला शालिवाहनाचे नाव कित्येक शतकांनंतर जोडले गेले.