मागचे साहेब म्हणजे पूर्वज नव्हेत

एका तरुण शिक्षकाने इंग्रजीत लिहिलेला अर्ज एकदा माझ्याकडे तपासायला आला. नव्या शाळेत रुजू होऊन त्याला जेमतेम महिना झाला होता आणि कपाटाच्या किल्ल्या सापडत नव्हत्या. त्याने लिहिलं होतं, माझे ‘अॅन्सेस्टर’ बदलीने उदगीरला गेले आहेत आणि किल्ल्या त्यांच्याकडेच राहिल्या आहेत. मी त्याला म्हटलं, “बाबा, पूर्वज उदगीरला गेले असतील, तर किल्ल्यांसाठी पितृपक्षाची वाट पाहावी लागेल.” तो बिचारा गोंधळला. मोबाइलमध्ये ‘प्रीडिसेसर’चा अर्थ ‘पूर्वज’ असा दिसला होता, आणि पूर्वजाला इंग्रजीत ‘अॅन्सेस्टर’ म्हणतात हे त्याला शाळेपासून पाठ होतं. एवढ्या सरळ वाटेने तो चुकीच्या गावी पोचला होता.

चूक त्याची एकट्याची नाही. ‘प्रीडिसेसर’ हा शब्द निरोप समारंभाच्या भाषणात, बँकेच्या कागदात, जमिनीच्या खटल्यात आणि पोरांच्या गणितात सगळीकडे भेटतो, आणि त्याच्याभोवती गैरसमजही तेवढेच आहेत. ते दूर करायला नांदेड-लातूरच्या बाहेर फारसं जावं लागत नाही.

गैरसमज १ : प्रीडिसेसर म्हणजे पूर्वज.

वस्तुस्थिती : पूर्वज रक्ताचा असतो, प्रीडिसेसर जागेचा. आपण आज ज्या पदावर, ज्या खुर्चीत किंवा ज्या गादीवर आहोत, तिथे आपल्या आधी जो होता, तो आपला प्रीडिसेसर. त्याचं आपलं नातं असेलच असं नाही.

कुठल्याही सरकारी कार्यालयात साहेबांच्या खुर्चीमागे एक लाकडी फळा असतो. अनुक्रमांक, नाव, ‘पासून’, ‘पर्यंत’ असे रकाने आणि खाली पांढऱ्या रंगात नावांची रांग. आपल्या नावाच्या बरोबर वरची ओळ म्हणजे प्रीडिसेसर, बरोबर खालची ओळ म्हणजे सक्सेसर. त्या फळ्यावर आडनावं बदलतात, जिल्हे बदलतात, जाती-धर्म बदलतात. एकच गोष्ट बदलत नाही, ती म्हणजे खुर्ची.

याचं सर्वांत चोख उदाहरण आपल्याच दोन जिल्ह्यांनी राज्याला दिलं आहे. निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर 1985 मध्ये मुख्यमंत्री झाले. 1986 च्या मार्चमध्ये त्यांच्या जागी नांदेडचे शंकरराव चव्हाण आले. पुढे डिसेंबर 2008 मध्ये लातूरच्या विलासराव देशमुखांनी राजीनामा दिला आणि मुख्यमंत्रिपद पुन्हा नांदेडला, शंकररावांचे चिरंजीव अशोक चव्हाण यांच्याकडे आलं. आता शब्द लावून पाहा. अशोकरावांचे प्रीडिसेसर विलासराव. शंकरराव हे त्यांचे वडील, म्हणजे रक्ताच्या रांगेतले. वडील आणि मुलगा एकाच पदावर बसले, तरी मुलाचा प्रीडिसेसर वडील नाही, शेजारच्या जिल्ह्यातला माणूस आहे.

पुढची गंमत 2010 ची. अशोक चव्हाणांनंतर मुख्यमंत्री झाले कराडचे पृथ्वीराज चव्हाण. आडनाव तेच, घराणं वेगळं. परगावच्या माणसाला फळा पाहून वाटेल, की ही घरातलीच रांग आहे. तिथे खुर्चीचं नातं आहे, घराचं नाही.

गैरसमज २ : प्रीडिसेसर नेहमी वयाने मोठा, वडीलधारा असतो.

वस्तुस्थिती : क्रम काळाचा असतो, वयाचा नव्हे. ‘आधी आला म्हणजे वडील’ हे आपल्या घरातलं गणित खुर्चीला लागू पडत नाही.

नांदेडकरांना ‘गुरु-ता-गद्दी’ हा शब्द समजावून सांगायला नको. 2008 मध्ये तिचा त्रिशताब्दी सोहळा झाला, तेव्हा अख्ख्या शहराचं रूप पालटलं होतं. शीख गुरूंच्या त्या गादीचीच परंपरा पाहा. आठवे गुरू हरकिशनजी 1664 मध्ये, वयाच्या अवघ्या आठव्या वर्षी निवर्तले. त्यांच्यानंतर गादीवर आले गुरू तेगबहादूरजी. त्यांचा जन्म 1621 चा, म्हणजे तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले. नात्याने हरकिशनजी त्यांच्या पुतण्याचे पुत्र, म्हणजे नातवाच्या पिढीतले. तरीही गादीच्या क्रमात आधीचे कोण, तर हरकिशनजी. इथे प्रीडिसेसर नातवाच्या वयाचा आणि सक्सेसर आजोबांच्या पिढीतला आहे.

याच परंपरेत दोन्ही रांगा एकत्र आल्याचं उदाहरणही आहे. दहावे गुरू गोविंदसिंहजी यांच्या आधीचे गुरू त्यांचे वडीलच होते, म्हणजे प्रीडिसेसरही तेच आणि जन्मदातेही तेच. उलट पहिले गुरू नानकदेवजी यांनी 1539 मध्ये गादी पुत्राला न देता शिष्याला दिली. तेच गुरू अंगददेवजी. आणि 1708 मध्ये नांदेडमध्ये गोविंदसिंहजींनी आपल्यानंतर गुरुपद ग्रंथसाहिबांकडे राहील असं सांगितलं, तेव्हा वारसा रक्ताच्या आणि व्यक्तीच्याही पलीकडे गेला. सचखंड हजूर साहिबच्या दारात उभं राहिलं, की वंश आणि गादी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे निराळं सांगावं लागत नाही. बऱ्याच लिंगायत मठांतही हे आपण पाहतो. तिथे गुरुपरंपरा विचारली, तर कुणी आजोबा-पणजोबांची नावं सांगत नाही.

गैरसमज ३ : या शब्दात ‘डिसीज्ड’ लपलेला आहे, म्हणून तो मृत व्यक्तीसाठीच वापरतात.

वस्तुस्थिती : शब्दांचं मूळ खरंच जवळचं आहे, पण निष्कर्ष चुकीचा. दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधला ‘निघून जाणे’ असा अर्थ आहे. जगातून निघून गेलेला तो ‘डिसीज्ड’, पदावरून निघून गेलेला तो ‘डिसेसर’, आणि त्याला ‘आधी’ अशा अर्थाचं ‘प्री’ लागून झाला ‘प्रीडिसेसर’. आपल्याकडेही ‘गेले’ हे क्रियापद दोन्ही कामं करतं. ‘मागचे तहसीलदार गेले’ असं कुणी म्हटलं, की आपण आधी विचारतो, “गेले म्हणजे? बदली झाली ना?”

तेव्हा प्रीडिसेसर हयात असू शकतो, पलीकडच्या टेबलावर बसलेला असू शकतो, आणि परत येऊन तुमचा सक्सेसरही होऊ शकतो. विलासराव देशमुख 1999 मध्ये मुख्यमंत्री झाले. 2003 च्या जानेवारीत त्यांच्या जागी सुशीलकुमार शिंदे आले आणि 2004 च्या नोव्हेंबरमध्ये विलासराव पुन्हा आले. म्हणजे शिंदे हे विलासरावांचे सक्सेसरही आणि प्रीडिसेसरही. वडील-मुलाच्या नात्यात असं कधीच घडत नाही. नातं रक्ताचं की खुर्चीचं हे ओळखायची ही सोपी कसोटी आहे : उलटं फिरू शकत असेल, तर ते खुर्चीचं.

गैरसमज ४ : जो जो माजी, तो तो प्रीडिसेसर.

वस्तुस्थिती : ‘माजी’ हे विशेषण माणूस आयुष्यभर बाळगतो. प्रीडिसेसर मात्र कुणाचा तरी असावा लागतो. लातूरच्या शिकवणीवर्गातल्या पोरांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं, कारण सेमी-इंग्रजीच्या गणितात त्यांनी तो शब्द पहिल्यांदा ऐकलेला असतो. तिथे 10 चा प्रीडिसेसर 9 आणि फक्त 9. आठ आधी येतो, सातही येतो, पण ‘लगतचा’ एकच. आणि पूर्ण संख्यांच्या रांगेत शून्याला प्रीडिसेसरच नाही, जसा नव्याने निर्माण झालेल्या पदावरच्या पहिल्या माणसाला नसतो.

इंग्रजीत एकवचनी ‘माय प्रीडिसेसर’ म्हटलं, की बहुधा लगतचाच अभिप्रेत असतो. अनेकवचन वापरलं, तर फळ्यावरची वरची सगळी नावं आली. मात्र निरोपाच्या भाषणात एकच मागचे प्राचार्य व्यासपीठावर बसलेले असतील, तर एकवचनात बोलावं. अनेकवचनाने उगाच बाकीच्यांची आठवण निघते.

गैरसमज ५ : ज्याच्यातून आपण निघालो, तो आपला प्रीडिसेसर.

वस्तुस्थिती : हा शब्द संस्थांनाही लागतो, पण आधीच्याने जागा सोडलेली असावी लागते. 1982 मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. म्हणून उस्मानाबाद लातूरचा प्रीडिसेसर होत नाही. तो जिल्हा आपल्या जागी आहेच, लातूर फक्त वेगळ्या चुलीवर गेला. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातून असंच वेगळं निघालं. अशा वेळी मूळ जिल्हा, मातृसंस्था असे शब्द बरोबर बसतात.

बँकेचं उदाहरण याहून बोलकं आहे. आपल्याकडे ज्यांची खाती ‘एसबीएच’मध्ये होती, त्यांची पासबुकं 1 एप्रिल 2017 नंतर बदलली, कारण स्टेट बँक ऑफ हैदराबाद त्या दिवशी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पण ‘एसबीएच’ ही ‘एसबीआय’ची प्रीडिसेसर नव्हे. दोघी कित्येक दशकं शेजारी शेजारी नांदल्या, मग एक दुसरीत मिसळली. ‘एसबीआय’ची खरी प्रीडिसेसर इम्पीरियल बँक, जिची जागा तिने 1955 मध्ये घेतली. आणि ‘एसबीएच’ची प्रीडिसेसर म्हणजे निजामाच्या काळात, 1941 मध्ये स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक. उगमाचं, विलीनीकरणाचं आणि जागेचं अशी ही तीन वेगळी नाती आहेत. शब्द फक्त तिसऱ्याचा आहे.

गैरसमज ६ : जमिनीच्या कागदावरचं जुनं नाव म्हणजे आपला पूर्वज.

वस्तुस्थिती : हा गैरसमज खिशाला लागतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं. दाव्यांच्या इंग्रजी कागदात ‘प्रीडिसेसर-इन-टायटल’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ ज्याच्याकडून आपल्याकडे हक्क आला, तो. तो आपला आजोबा असू शकतो किंवा खरेदीखत करून देणारा परका शेतकरीही असू शकतो. कागदाला दोन्ही सारखेच.

2023 पासून मराठवाड्यात निजामकाळातल्या कागदांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि घरोघरी खासरा पाहणी पत्रकं, जुने उतारे, मोडी आणि उर्दू कागद बाहेर आले. गट नंबर आपला, शेत आपलं, म्हणून उताऱ्यावरचं नावही आपल्याच कुळातलं असं अनेकांना वाटतं. पण शेत मध्येच विकत घेतलेलं असेल, तर ते नाव शेताच्या रांगेतलं आहे, आपल्या वंशावळीतलं नाही. जातीच्या दाखल्याला वंशावळ लागते, म्हणजे रक्ताची रांग. मालकी कुणाकडून आली हे पाहायला फेरफार लागतात, म्हणजे हक्काची रांग. दोन रांगा एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

नोकरी लागल्यावर पोलिस पडताळणीच्या कागदात येणारा ‘अँटिसिडंट्स’ हाही असाच फसवा शब्द. एकाने तिथे आजोबा-पणजोबांची माहिती जोडायला घेतलेली मी पाहिली आहे. तिथे पूर्वज विचारलेले नसतात, स्वतःचं पूर्वचारित्र्य विचारलेलं असतं.

गैरसमज ७ : मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्दच नाही.

वस्तुस्थिती : उलट इंग्रजीतच काही काळ घोटाळा होता. ‘अॅन्सेस्टर’ आणि ‘प्रीडिसेसर’ दोन्ही शब्द लॅटिनच्या एकाच धातूपासून निघाले, आणि जुन्या इंग्रजीत प्रीडिसेसर पूर्वजासाठीही वापरत. कोशात तो अर्थ अजून कोपऱ्यात पडलेला असतो आणि तोच मोबाइलवर आधी उगवतो. आपल्याकडे मात्र खण पहिल्यापासून वेगळे. कुळातले ते पूर्वज. पदावरचे ते पूर्वाधिकारी. क्रमातलं लगतचं ते पूर्ववर्ती. आणि विद्येच्या, कलेच्या वाटेवर आपल्या आधी चालून गेलेले ते पूर्वसूरी, कारण सूरी म्हणजे विद्वान. मागच्या ठाणेदारांना ‘पूर्वसूरी’ म्हणणं म्हणूनच विनोदी वाटतं.

पूर्वसूरी कसा असतो, ते नांदेडच्या नरहर कुरुंदकरांकडे पाहून कळतं. त्यांचे मामा ना. गो. नांदापूरकर मोठे अभ्यासक होते. मामा काही कुळाच्या रांगेत येत नाहीत. कुरुंदकर पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, ती खुर्चीही मामांची नव्हती. तरी विचारांच्या वाटेवर मामा पुढे आणि भाचा मागे. या नात्याला पूर्वसूरी हाच शब्द हवा, प्रीडिसेसर इथे तोकडा पडतो.

आणि बोलीत तर आणखी सोपं आहे. ऑफिसात पोस्टर फाटकं का, फाइल अडकली का, नळ गळतो का, असं काहीही विचारा, उत्तर ठरलेलं असतं : “ते मागच्या साहेबांनीच तसं ठेवलंय बघा.” प्रीडिसेसरचा याहून अचूक अनुवाद कुठल्या कोशात मिळणार?

त्या तरुण शिक्षकाचा अर्ज आम्ही दुरुस्त केला. ‘अॅन्सेस्टर’ खोडून ‘प्रीडिसेसर’ लिहिलं, स्पेलिंगमध्ये दोन एस आहेत हे पुन्हा तपासलं. मग मीच म्हटलं, अर्ज राहू दे, आधी त्यांना फोन लाव. किल्ल्या त्यांच्या जुन्या डब्याच्या पिशवीत निघाल्या आणि उदगीर-नांदेड एसटीच्या कंडक्टरच्या हाती दुसऱ्याच दिवशी पोचल्या.